घरपट्टी, सिमेंट, डिझेल : गरिबाच्या कराचा जाब नेमका कुणाला विचारायचा?

हर्णैजवळच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, वाट्यावर जातो, म्हणजे पगार नाही, मासळीच्या उत्पन्नात हिस्सा. त्या स्वतः दापोलीच्या बाजारात मासे विकतात. निसर्ग वादळात घराचं छप्पर उडालं. पुढे कर्ज काढून मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब घातला, तर घरपट्टी दुपटीहून जास्त आली. बाजारात रोज एक माणूस पैसे घेऊन जातो, पावती कधी देतो, कधी नाही. दुकानात जाल तिथे जीएसटी. शेजारी मुंबईवाल्यांचा बंगला आहे, त्यात बारा महिने पर्यटक उतरतात आणि त्यांची घरपट्टी म्हणे यांच्याएवढीच. पुढारी मतं मागायला दारात येतात, नंतर फोन उचलत नाहीत. त्या विचारतात, "कर भरायचाच बंद केला तर काय होईल? आणि जाब विचारायचा तर कुणाला?"

माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून झाली (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). निवृत्तीनंतर मच्छीमार सोसायट्यांची दप्तरं बघतो. म्हणजे वसुलीला दारात उभा राहणाराही मीच होतो आणि आता आकारणीविरुद्ध अर्ज लिहून देणाराही मीच.

ताई, तुमचा राग रास्त आहे. पण बाजारात तुम्ही बांगडा आणि सुरमई एका वाट्यात लावत नाही, इथे मात्र सगळं एकाच वाट्यात लावलंत. तुमच्याकडून पैसे घेणारे हात चार आहेत आणि चौघांचे मालक वेगळे. घरपट्टी ठरवणारा तुमच्या वाडीत राहतो. सिमेंटवरचा कर दिल्लीत ठरतो, पण त्या बैठकीला महाराष्ट्रही असतो. डिझेलवरच्या करात दिल्लीचाही हात आहे आणि मुंबईतल्या मंत्रालयाचाही. आणि बाजारात येणारा तो माणूस कदाचित सरकारचा कुणीच नसेल. हा गुंता सगळ्यांच्या सोयीचा आहे. सरपंच म्हणतात वरून आदेश आहे, आमदार म्हणतात केंद्राचा विषय आहे, खासदार म्हणतात जीएसटी परिषदेने ठरवलं. तुम्ही "सगळे मेले सारखेच" म्हणून घरी येता आणि तिघेही सुटतात.

सगळ्यात आधी घरपट्टी, कारण तिथे तुमचं चालू शकतं.

ग्रामपंचायतीला घरपट्टी लावण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने दिला आहे आणि लावायची कशी ते १९६० च्या कर व फी नियमांत आहे. २०१५ च्या अखेरीस त्या नियमांत मोठा बदल झाला. पूर्वी क्षेत्रफळावर कर बसायचा. आता भांडवली मूल्यावर बसतो. म्हणजे जागेचा सरकारी दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय, वापर कशासाठी, हे सगळं धरून घराची किंमत काढायची आणि तिच्या दर हजार रुपयांमागे ठरावीक दराने कर. बांधकामाचे प्रकार मातीच्या घरापासून आरसीसीपर्यंत आहेत. प्रत्येकाला शासनाने किमान आणि कमाल अशी मर्यादा घालून दिली आहे. त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठला दर घ्यायचा ते ग्रामपंचायत ठरवते. "वरून आदेश आहे" हे म्हणूनच अर्धंच खरं. पद्धत वरून आली, दर तुमच्या सदस्यांनी हात वर करून ठरवला. त्या सभेच्या इतिवृत्तात ठराव असतो, ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं असतात. ती बघा. माणसं ओळखीची निघतील.

आता तुमच्या घराचं. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा मागा. ही आकारणीची नोंदवही. तीत मालकाचं नाव, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार, वर्ष, क्षेत्रफळ, वापर, भांडवली मूल्य आणि कर असे रकाने असतात. कोकणात चूक जवळपास नेहमी दोन ठिकाणी सापडते. पहिली जागा म्हणजे बांधकामाचा प्रकार. घराचा पुढचा भाग जुना, जांभ्याचा, वर कौलं किंवा वादळानंतर घातलेले पत्रे. मागे दोन खोल्या स्लॅबच्या. नोंद घेणारा उंबऱ्यातूनच वाकून बघतो, मागचा स्लॅब दिसला की पूर्ण घर आरसीसी लिहून मोकळा होतो. खरं तर दोन भाग दोन ओळींत, आपापल्या क्षेत्रफळासह यायला हवेत. दुसरी जागा बांधकामाचं वर्ष. जुन्या भागाला घसारा मिळतो, म्हणजे वयाप्रमाणे किंमत कमी धरतात. दुरुस्तीचं वर्ष हेच बांधकामाचं वर्ष म्हणून चढलं की साठ वर्षांचं घर कागदावर कोरं करकरीत होतं आणि घसारा गेला. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं. तुमच्या उताऱ्यावर पूर्ण घरापुढे त्यानंतरचं साल दिसलं तर दुपटीचं कारण तिथेच आहे.

मग बंगला. त्या घराच्या नमुना ८ मध्ये वापराच्या रकान्यात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. व्यापारी वापराला निवासी वापरापेक्षा जास्त भारांक (किंमत काढताना लावायचा गुणक) लागतो. फलक लावून खोल्या भाड्याने देणारं घर दप्तरी "निवासी" असेल, तर तुमच्याएवढी घरपट्टी कशी हे कोडं सुटलं. एक गोष्ट आधी तपासा मात्र. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत रीतसर नोंद झालेल्या छोट्या घरगुती निवासांना काही सवलती असतात, आणि त्या असाव्यात, कारण गुहागर-तारकर्लीकडे त्यावर कित्येक स्थानिक घरं उभी राहिली आहेत. बंगल्याची तशी नोंद नसेल, मालक इथे राहतच नसेल, तर प्रश्न सरळ आहे. दरवेळी यात भ्रष्टाचारच असतो असं नाही. बऱ्याचदा नोंद घ्यायला गेलेल्या माणसाला गेटवरचा राखणदार आत सोडत नाही, तुम्ही मात्र चहा देता आणि मागच्या खोल्याही दाखवता.

आकारणीची यादी दर चार वर्षांनी सुधारायची असते. यादी प्रसिद्ध करून हरकती मागवणं बंधनकारक आहे. हरकतीवर ग्रामपंचायत निर्णय देते, तो पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील. यात मुदती असतात, म्हणून बिल हातात पडल्या आठवड्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. आम्ही कर्मचारी तोंडी तक्रार ऐकून घेतो, मान हलवतो, आणि पुढच्या दाराकडे वळतो.

आता सिमेंट. यावर मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण गरीब माणूस कर भरत नाही हे वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून फार ऐकतो. बंगलेवाले "आम्ही टॅक्सपेयर" म्हणतात तेव्हा त्यांना प्राप्तिकर म्हणायचं असतं. तो तुम्ही भरत नाही, खरं आहे. पण तुम्ही स्लॅब घातलात तेव्हा सिमेंटवर जीएसटी २८ टक्के होता. समजा गोणी ४०० रुपयांना मिळाली, तर त्यात ८७ रुपये ५० पैसे कर. पन्नास गोण्या आणल्या असतील तर ४,३७५ रुपये. सळई आणि पत्रे यांच्यावर १८ टक्के, तो वेगळा. म्हणजे वादळाची नुकसानभरपाई म्हणून एका हाताने मिळालं त्यातलं काही दुसऱ्या हाताने परत गेलं. २८ टक्के हा त्या वेळचा सर्वांत वरचा दर. आलिशान गाडीलाही मूळ दर तोच होता, वर उपकर वेगळा. वादळात उडालेल्या घराचं सिमेंट आणि आलिशान गाडी एका रकान्यात! हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आला. त्याच दिवसापासून अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले. धुण्याची पावडर मात्र १८ वरच राहिली. फोनचं रिचार्जही १८. समजा २९९ रुपयांचं रिचार्ज मारलंत, तर त्यात ४५ रुपये ६१ पैसे जीएसटी आहे. बंगल्याच्या मालकानेही तेवढेच भरले.

अप्रत्यक्ष कराचं दुखणं हेच. दर सगळ्यांना सारखा, आणि तुमची कमाई जवळजवळ सगळीच खर्च होते. ज्याच्याकडे शिल्लक राहते त्याची शिल्लक या करातून सुटते. दुसऱ्या बाजूला श्रीमंतीवरचे कर एकेक करून गेले. वारसा मिळकतीवरचं इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेलं, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांसाठी सवलती सोडून देण्याच्या अटीवर २२ टक्क्यांचा दर आला. यातल्या प्रत्येक निर्णयाला कारणं होती आणि काही मला पटतातही. संपत्ती करातून मिळणारं उत्पन्न खरंच किरकोळ होतं आणि कटकट फार होती. पण बेरीज केली तर कल कुठे आहे ते दिसतं. २०२५ मध्ये नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही असं झालं, त्याची केवढी चर्चा झाली. खलाशाला आणि मासे विकणारीला त्यात एक पैसा मिळाला नाही, कारण ते त्या रांगेत कधी नव्हतेच.

जीएसटीचे दर ठरवते जीएसटी परिषद. केंद्राचे अर्थमंत्री अध्यक्ष, प्रत्येक राज्याचा एक मंत्री सदस्य. मतदान झालं तर केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या राज्यांत सारखं वाटलेलं. महाराष्ट्राच्या मताला गोव्याच्या मताएवढंच वजन. निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्राला नको ते होत नाही आणि एकट्या केंद्राला हवं म्हणूनही होत नाही.

१८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर, पिठावर, दह्यावर ५ टक्के कर बसला, २५ किलोपर्यंतच्या पाकिटांवर. त्याआधी तांदूळ-पिठावर तो नोंदणीकृत ब्रँडपुरताच होता, दह्यावर नव्हताच. हा निर्णय चंदिगडच्या बैठकीतला. बैठकीत सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंची राज्यं होती आणि मतदान झालं नाही, एकमताने ठरलं. नंतर रस्त्यावर आंदोलनं करणाऱ्या पक्षांपैकी काहींची सरकारं त्या खोलीत हजर होती. परिषदेच्या इतिहासात पहिल्यांदा मतदान झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये, आणि कशावर? लॉटरीच्या दरावर. लॉटरीसाठी हात वर झाले, तांदळासाठी नाही. पुढचा पुढारी भाषणात "त्यांनी गरिबाच्या ताटावर कर लावला" म्हणाला की त्याच्या पक्षाच्या मंत्र्याने परिषदेत लेखी विरोध नोंदवला होता का, एवढंच विचारा.

आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. सुटा तांदूळ, सुटं पीठ, सुटी डाळ यांवर कर नाही. ताजी मासळी आणि सुटी सुकट, जवळा, बोंबील यांवरही नाही. तेव्हा कुणी "तुम्हाला जीएसटी नंबर काढावा लागेल" म्हणून घाबरवलं तर ऐकू नका. केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. आणि दुकानदार बिलावर जीएसटी वेगळा लावत असेल तर त्याचा पंधरा अक्षरांचा नंबर बघा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. नंबर नाही तर कर मागायचा अधिकार नाही. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदारालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, तो त्याने पदरचा भरायचा असतो. छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात. त्यावर कुणी कर चढवला तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

डिझेलचा विषय तुम्ही प्रश्नात घेतलाच नाही, पण तुमच्या घराला तो साबणापेक्षा जास्त लागतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन थर. केंद्र जो भाग उपकर म्हणून घेतं त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, म्हणून त्याला उपकर फार आवडतात. राज्याने २०२४ च्या जुलैत डिझेलचा व्हॅट २४ वरून २१ टक्के केला, तो फक्त मुंबई, ठाणे, नवी मुंबईसाठी. आपल्याकडे आधीपासून २१ होता, म्हणजे त्यांना आपल्या रांगेत आणलं. कोकणाला काही मिळालं नाही.

मच्छीमारांना सरकार डिझेलवरच्या राज्याच्या कराची प्रतिपूर्ती देतं. आपण ज्याला परतावा म्हणतो तो हा. बोटीची नोंदणी, परवाना, सोसायटीच्या पंपावरची खरेदी हे सगळं जुळलं की सोसायटीमार्फत प्रस्ताव मत्स्यव्यवसाय विभागाकडे जातो. पैसे येतात, पण तरतूद होईल तसे, कधी कधी हंगाम उलटून गेल्यावर. तोवर नाखवा, म्हणजे बोटमालक, व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि मासळी त्यालाच, त्याच्या भावाने घालतो. परताव्याच्या थकबाकीवर दर अधिवेशनात बोललं जातं, मोर्चे निघतात, आणि ते योग्यच आहे.

पण खलाशाकडे कुणी बघत नाही. जिथे वाट्यावर काम चालतं तिथे हिशेब कसा होतो? मासळी विकली. त्यातून आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा. उरलेल्यातून मालकाचा आणि बोट-जाळ्याचा वाटा, मग तांडेलाचा (बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा), मग खलाशांचे. डिझेल करासकट वजा झालं, म्हणजे त्या करातला हिस्सा तुमच्या नवऱ्यानेही सोसला. परतावा मात्र सहा-आठ महिन्यांनी मालकाच्या खात्यात येतो आणि त्या वेळी वाटे कुणी पुन्हा मोजत नाही. मी काही सोसायट्यांत हा विषय काढून पाहिला. नाखव्यांना तो आवडला नाही हे सांगायला नको. त्यांचंही म्हणणं आहे की इंजिनाचं कर्ज, जाळ्यांची दुरुस्ती, जून-जुलैची बंदी हे सगळं आम्हीच काढतो. खरं आहे. तरी वजा करताना जो खर्च सगळ्यांचा असतो तो परत आल्यावर एकट्याचा कसा होतो, याचं उत्तर अजून मला कुणी दिलं नाही. इथे पुढारी नाही, कायदाही नाही. हंगामाआधी, नारळी पौर्णिमेच्या आसपास वाट्याची बोलणी होतात, तेव्हाच दोघा-चौघा खलाशांनी मिळून हे बोलायला हवं. एकट्याने बोललात तर दुसरा खलाशी मिळतो.

बाजारातल्या माणसाबद्दल थोडक्यात. बाजार फी वसूल करण्याचा ठेका लिलावाने देता येतो. पण फीचा दर नगरपंचायतीच्या सभेतल्या ठरावाने ठरतो आणि ठेकेदाराला त्याहून एक रुपया जास्त घेता येत नाही. छापील, क्रमांक असलेली पावती मागा. ती देत नसेल तर तो कर नव्हे, नुसती उकळणी आहे. नगरपंचायतीकडे करारनाम्याची आणि दरपत्रकाची प्रत मागा आणि दर मोठ्या अक्षरांत बाजारात लावायला सांगा. दापोली नगरपंचायत आहे, त्यामुळे २०१४ चा पथविक्रेता कायदा तिथे लागू होतो. विक्रीचं प्रमाणपत्र असेल तर तीस दिवसांची नोटीस दिल्याशिवाय तुम्हाला जागेवरून उठवता येत नाही. टोपली उचलून फेकणं तर नाहीच नाही. पाच-सहा जणींनी एकत्र जा, एकटीला "उद्या या" सांगतात.

आणखी एक कर सांगतो, कारण अन्याय्य करावरचं माझं आवडतं उदाहरण हेच. व्यवसाय कर. तुमच्या मुलाला काजू कारखान्यात महिना १२,००० पगार असेल तर त्याच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाला २,५००. रत्नागिरीत स्वतःचं इस्पितळ चालवणारा डॉक्टर किती भरतो? २,५००. मुंबईतल्या बड्या कंपनीचा प्रमुखही २,५००. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये कमाल मर्यादाच तेवढी आहे, १९८८ पासून. वरची मर्यादा राज्याला वाढवता येत नाही, पण खालची सूट वाढवता येते. २०२३ मध्ये महिलांसाठी ती महिना २५,००० पर्यंत नेली. पुरुषांसाठी अजून ७,५०० वर आहे. हा शंभर टक्के राज्याचा विषय, एका दुरुस्तीत होणारा. तुमच्या आमदारांना याची कल्पना आहे का, विचारून पाहा. माझ्या अनुभवाने बहुतेकांना नसते.

आता तुमचा मूळ प्रश्न. कर भरायचा बंद केला तर?

जीएसटी बंद करता येत नाही, तो किमतीत बसलेला आहे. उरते घरपट्टी-पाणीपट्टी. ती थांबवलीत तर ज्या नेत्यावर राग आहे त्याचा केसही वाकडा होत नाही. नळ सोडणाऱ्या माणसाचा पगार थकतो, रस्त्यावरचे दिवे बंद पडतात आणि वर तुमच्या नावावर थकबाकी चढते. दाखल्याला, घराच्या नोंदीतल्या फेरफाराला ती आडवी येते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आपल्या किनाऱ्याला करबंदीचा इतिहास नाही असं नाही. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मिठावरचा कर हा गरिबावरच्या कराचा नमुनाच होता, कारण मीठ राजालाही तेवढंच लागतं आणि रंकालाही. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून खोतांच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) जमिनी कसायला नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत टिकला. शेतं पडीक ठेवून घरं उपाशी राहिली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. या दोन्ही ठिकाणी मागणी एकच आणि नेमकी होती, आणि किंमत मोजायची तयारी पूर्ण गावाची होती. "सगळेच कर अन्यायाचे" म्हणून चार घरांनी घरपट्टी थकवणं यात बसत नाही. नेमक्या मागणीचा अलीकडचा दाखला हवा असेल तर सॅनिटरी पॅड घ्या. २०१७ मध्ये १२ टक्के लावले, देशभर एकाच गोष्टीवर गिल्ला झाला, २०१८ च्या जुलैत शून्य.

म्हणून बिल भरा, पण "हरकत राखून" असं अर्जात लिहून भरा, आणि त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. मागायचं एवढंच : चालू आकारणीचा दर ठरवणाऱ्या ठरावाची प्रत, व्यापारी वापर म्हणून नोंद असलेल्या मालमत्तांची यादी, आणि नमुना ९ (कराच्या मागणीची नोंदवही) मधील सरपंच व सदस्यांची मागणी, वसुली आणि बाकी. शेवटची मागणी विसरू नका. रीतसर बिल बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो आणि त्याचा निर्णय जिल्हाधिकारी करतात. हा अर्ज आत गेल्यावर तुमच्या हरकतीची सुनावणी किती लवकर लागते ते पाहा.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते, सह्या घरोघरी फिरवतात. सही करू नका, सभा मागा. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे मांडायचे असतात. घरपट्टीचे पैसे कुठे गेले हे विचारायची जागा ती. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च व्हायला हवेत. गेल्या वर्षी ते कशावर झाले, हेही विचारा.

आमदारांकडे फक्त राज्याचे विषय न्या : परताव्याची थकबाकी, व्यवसाय कराची मर्यादा, डिझेलचा व्हॅट. एका पत्रात एकच विषय, आणि हे विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणून मांडाल का, असं लेखी विचारा. पत्र जानेवारीत द्या, अर्थसंकल्पाची जुळवाजुळव तेव्हा चाललेली असते. मार्चमध्ये दिलेल्या पत्राला "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर येतं. खासदारांना धुण्याची पावडर आणि रिचार्जवरचा १८ टक्के सांगा, इंधनावरच्या केंद्राच्या उपकराबद्दल विचारा. घरपट्टीबद्दल त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवू नका, ते सरपंचांना फोन लावल्यासारखं करतील आणि तुम्ही समाधानाने घरी याल.

नमुना ८ चा उतारा हातात आला की बांधकामाचा प्रकार, वर्ष, क्षेत्रफळ आणि वापर हे चार रकाने मला कळवा. पंचायत समितीकडच्या अपिलाचा मसुदा त्यावरच करावा लागेल, आणि मागच्या दोन खोल्यांचं माप तुम्ही स्वतः टेप लावून घेतलेलं असेल तर उत्तम.